पहिल्या हाकेला ओ

परवा बाजारपेठेत पुन्हा उंदीर पडले, आणि बोर्डिंगातल्या पोरी माझ्याभोवती येऊन बसल्या. "मावशी, तुम्हाला झाला होता ना हो पिलेग? कसं वाटतं? फार दुखतं का?" एकीनं तर विचारलं, "मेल्यासारखं वाटतं का?" मी म्हटलं, "बाय माझे, मी कुठे मेले? मला काय ठाऊक?" सगळ्या हसल्या. पण हसताना एकमेकींचे हात घट्ट धरून होत्या, ते मी पाहिलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी शाळेत गेलेली बाई नव्हे. कोठीतल्या डब्यांवर चिठ्ठ्या असायच्या, तूर, कुळीथ, आमसुलं. डबा उघडून आत बघायचं आणि वरचं अक्षर ओळखायचं, असं माझं शिक्षण झालं. तेव्हा शुद्धलेखन तपासायला बसू नका. सांगते ते खरं सांगते. जे मलाच कळलं नाही, ते कळलं नाही असंच सांगेन.

कोठीतला उंदीर

पंधराएक वर्षं झाली असतील. आमचं हे बायकांचं ट्रेनिंग कॉलेज तेव्हा नवं होतं. गावोगावच्या मुली इथं येऊन मास्तरीण व्हायला शिकत. मी तेव्हाही कोठीच सांभाळायची. माझी भाची शेवंती त्याच वर्षी नाटे गावाहून आलेली. तिचा बापूस होडीवाला. आवस, म्हणजे तिची आई, माझी धाकटी बहीण, ती लहान असतानाच गेलेली. सगळ्या कुळात पाटी हातात धरणारी शेवंती पहिली. पोरगी हुशार, पण हट्टी. बहिणीचाच हट्ट.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी तांदळाच्या कणगीमागे झाडू घातला, तर एक उंदीर अंगणाकडे चालत निघाला. पळत नव्हता, चालत होता. उन्हात गेला, दारू प्यायल्यासारखा स्वतःभोवती दोनदा फिरला आणि आडवा झाला. मांजर तिथंच बसलं होतं. ते उठलं आणि भिंतीवरून निघून गेलं. ते मांजर पुन्हा काही आलं नाही.

बाईंनी लगेच सगळ्यांना बोलावलं. बाई म्हणजे आमच्या मुख्य. पुण्याच्या, पांढरं पातळ, बोलणं सुरीसारखं, पण मन खोबऱ्याचं. टोचून घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या आधी स्वतःचा दंड डागतरांपुढे केला. त्यांनी सूचनांचा कागद वाचून दाखवला. सगळ्यांनी घरं सोडून वर सड्यावरच्या, भोवती दोरी बांधलेल्या खोपटांत राहायचं. पाणी उकळून प्यायचं. एकीनं दुसरीच्या खोपटात जायचं नाही. ताप आला तर लपवायचा नाही. आणि सकाळी नि दिवेलागणीला शिपाई दोरीबाहेर उभा राहून एकेकीचं नाव पुकारील, तिनं आतून "हजर" म्हणायचं.

मग बाईंनी चष्मा काढला आणि पुढचं तोंडानंच सांगितलं. जी मुलगी छावणीत नियमानं राहील तिची या सत्राची फी माफ. जेवणखाण फंडातून. विद्यावेतन कापलं जाणार नाही, परीक्षा साथ सरल्यावर, आजारी पडली तरी वर्ष बुडणार नाही. "पण आदल्या साथीत मुली गुपचूप घरी पळाल्या आणि आजार गावाला घेऊन गेल्या. या वेळी ते नको. लागोपाठ तीन हजेऱ्यांना आवाज आला नाही तर मुलगी पळाली असं धरून नाव कमी होईल. मग माफी नाही आणि जागाही नाही."

शेवंतीचा बापूस, आमचे भाऊजी, दुसऱ्याच दिवशी होडी घेऊन हजर. दोरीपलीकडून ओरडले, "गो शेवंते, चल घरी! हितं काय मरायला ऱ्हातेस?"

"मी नाय येत, बाबा. फी माफ झालीय. परीक्षा देणार."

"आणि नाव काढलं तर?"

"नाय काढायचे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "मावशीच्या समोर सांगतो. नाव राहिलं तर रहा. नाव काढलं की मी येनार, आनि पावसाच्या आधी तुझं लगीन. नवरा बघितलेला हाय." तो नवरा मला माहीत होता. दोन बायका पोचवून बसलेला, भाऊजींच्याच वयाचा. शेवंती नुसती दोरीकडे बघत राहिली.

सड्यावर

सडा तुम्हाला माहीतच आहे. काळा कातळ, वारा, झाड नावाला नाही. झावळ्यांची खोपटी ओळीनं घातलेली आणि कातळावर प्रत्येक खोपटाभोवती चुन्याची रेघ. शेवटचं खोपट ओळीपासून थोडं लांब. ते आजाऱ्यांचं. तिथून शहर सगळं खाली दिसायचं. दारांवर तपासणीवाल्यांनी गेरूनं आकडे घातलेले, एक माणूस नाही, एक धूर नाही. दुपारच्या उन्हात असं गाव बघणं हे अंधारात बघण्यापेक्षा वाईट. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आमच्या बोर्डिंगाच्या परसात दोरीवर माझं हळदी रंगाचं लुगडं राहून गेलं होतं, घाईत. ते वाऱ्यावर हालायचं. मुलींना लांबून वाटायचं, कोणी बाई हात हालवून बोलावतेय. मी म्हणायची, "अगं मेलीनो, लुगडं आहे ते माझं." पण मीही तिकडे फार वेळ बघत नसे.

पहिल्या दिवेलागणीला सखाराम शिपाई आला. घाटावरचा माणूस, आवाज नगाऱ्यासारखा. दोरीपाशी उभा राहून त्यानं पहिलं नाव पुकारलं. उत्तर नाही. दुसरं पुकारलं. उत्तर नाही. यादी संपली, सगळी ओळ चिडीचूप. सखाराम धावत बाईंकडे गेला, "बाईसाहेब, समद्या पळाल्या!"

बाई कंदील घेऊन धावत आल्या. "मुलींनो! अगं, आहात की नाही?"

"आहोत बाई!" सगळ्या खोपटांतून एकदम.

"मग ओ का दिली नाही?"

कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं. आमच्याकडे साथीच्या दिवसांत पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारतो, गरज असेल तर तिसऱ्यांदाही मारतो. साथीबरोबर फिरते ती मात्र एकदाच मारते. नावानं मारते, ओळखीच्या आवाजात मारते. ओ दिली की तिला वाट सापडते. हे कोणी शिकवावं लागत नाही. भाताच्या पहिल्या घासाबरोबरच पोराला हे कळतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "द्वारकाबाई, आज या दोन हाका मागतील, उद्या टोचून घ्यायला देवीला कौल लावतील. डागतरांनी सांगितलंय, शिपायानं खोपटांपाशी रेंगाळायचं नाही. एक नाव, एक हाक, एक हजर."

मुलींनी युक्त्या केल्या. एकीनं नावाला थाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "थाळी हजर आहे हे कळलं. तू आहेस का?" हळूहळू बऱ्याच मुली भीतभीत "हजर" म्हणायला लागल्या. शेवंती तेवढी नाही. ती दोनदा नाव पुकारलं तरच बोलायची, आणि सखाराम दोनदा पुकारायचा. त्याला तिची दया यायची. वर त्या सगळ्या बोलण्यानं तोही आता धास्तावला होता. यादी पुकारताना तो सड्याच्या कडेला पाठ करत नसे.

शेवंतीला मी रागावत नसे. का ते मला माहीत होतं. तिची आवस परसात चुलीची राख टाकत होती, तेव्हा कोणीतरी हाक मारली. ती "ओ" म्हणून पुढच्या दारी आली. दारात कोणी नव्हतं. चिमुरडी शेवंती पायरीवर बसलेली होती. ती म्हणाली, "आये, कोणी हाक नाय मारली." त्या आठवड्यात बहीण तापानं गेली. आता असल्या पोरीला तुम्ही एक नाव, एक हाक शिकवा बघू!

माझी गाठ

आता पोरींनी विचारलं ते. आधी थंडी वाजते, मग डोळ्यांच्या मागे कोणीतरी मुसळ घालतंय असं वाटतं. मग जांघेत एक खडा लागतो. लाजायचं नाही, तिथंच बघायचं आणि लगेच सांगायचं. मी पेज ढवळत होते. पळी हातातून पडली आणि ती उचलायला वाकले तेव्हा तो खडा लागला. मी पळी तिथंच ठेवली, रेघेबाहेर जाऊन उभी राहिले आणि बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मलाच त्यांना धीर द्यावासा वाटला.

शेवटच्या खोपटात काशी आधीच होती. संगमेश्वराकडची, गोड गळ्याची मुलगी. आमच्यात एक चटई आडवी टांगलेली. गोव्याकडची एक सिस्टर होती. दिवसभर पोटीस बांधायची, पाणी पाजायची आणि आपल्या देवाचं काहीतरी पुटपुटायची. तिचे हात थंडगार असायचे. त्या तापात ते थंड हात कपाळावर आले की मी आतल्या आत रडायची. सुखानं.

बाईंनी एक दया केली, आमची नावंही यादीत ठेवली. सखाराम आम्हालाही पुकारायचा. वाटायचं, चला, अजून आपण पटावर आहोत.

मग ती संध्याकाळ. दिवा अजून लावायचा होता. चटईपलीकडून काशी स्वच्छ आवाजात म्हणाली, "ओ! हजर!"

मी विचारलं, "कोणाला ओ दिलीस गो?"

"सखारामदादानं हाक मारली नव्हं का."

मी काहीच ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं खडी वाजली, सखाराम लांबून येताना दिसला. त्यानं यादी धरली आणि काशीचं नाव पुकारलं. ती हसली, म्हणाली, "हा बघा, पुन्हा मारतोय." आणि पुन्हा "हजर" म्हणाली.

सकाळी काशीची चटई गुंडाळलेली होती. सिस्टर माझ्याकडे न बघता पोटीस बांधत होती.

हे ओळीतल्या खोपटांत कसं पोचलं कोण जाणे, पण पोचलं. त्या सकाळच्या हजेरीला एकाही मुलीनं ओ दिली नाही. बाईंनी सखारामाला दोनदा पुकारायची सक्त मनाई केली होती. तो शेवंतीला दोनदा पुकारतो हे डागतरांच्या कानावर गेलं होतं. दुपारी बाई दोरीपाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मुलींनो, काशीसाठी मीही रडले आहे. पण उद्या माफीची यादी वरच्या कचेरीत जाते. ज्यांचा आवाज आला नाही त्यांची नावं मी लिहू शकत नाही. खोटं लिहायला मला येत नाही."  आणि त्या वळल्या, गेल्या.

म्हणजे एक हजेरी चुकली होती. राहिली ती संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची. बाकीच्या मुलींचं एक वेळ मी समजू शकत होते. त्या घरी गेल्या असत्या, पुढच्या वर्षी परत आल्या असत्या. शेवंतीला पुढचं वर्ष नव्हतं. होडी आली असती आणि तो नवरा.

मैना

एक गोष्ट अजून सांगितली नाही. काशीच्या आधीपासून मलाही हाक येत होती.

लग्नात माझं नाव द्वारका ठेवलं. माहेरचं नाव मैना. आवस गेली, बापूस गेला, मग बहीण गेली, आणि मैना म्हणणारं माणूस जगात उरलं नाही. शेवंतीलाही ते ठाऊक नव्हतं. पण दिवेलागणीला, सखारामाच्या आधी, खोपटाच्या मागून, जिथं नुसता कातळ आणि खाली समुद्र आहे तिथून, एक हाक यायची. "मैने." मोठी नाही. परसातून पुढच्या दारी मारावी एवढी. एकदाच. आवाज माझ्या बहिणीचा.

मी दातांत पदर धरून गप्प पडायची. खरं सांगू, भीतीपेक्षा वाईट म्हणजे उत्तर द्यावंसं वाटायचं. एवढ्या वर्षांनी कोणी आपल्या नावानं हाक मारली आणि आपण तोंड दाबून पडायचं.

त्या दुपारी मी सिस्टरला म्हटलं, "सखारामाला सांगा, आज पहिलं नाव माझं घ्यायचं. एकदाच पुकारायचं, मोठ्यानं. मी ओ देणार आहे. सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी. उद्या सकाळी मी जिवंत असले तर पोरींना कळेल, की एका हाकेनं कोणी मरत नाही."

"आणि नसलीस तर?" सिस्टर म्हणाली. ती सरळ विचारायची.

"तर त्यांचं खरं. मग कोणी कोणाला जबरदस्ती करू नये."

ऊन उतरलं. मी उशीला टेकून डोकं वर धरून बसले. घशाला कोरड, पण सगळा जीव मी एका ओ-साठी गोळा करून ठेवला होता. वारा पडला. समुद्राचा आवाजही पडला, असं मला वाटलं. आणि हाक आली. मी छाती भरून ओरडले, "ओ! हजर!"

ओरडले आणि मग लक्षात आलं. हाक मागून आली होती. "मैने" म्हणून आली होती.

समोर, दाराच्या उघड्या झापातून, सखाराम अजून दोरीपासून बराच लांब चालत येत होता. माझा आवाज ऐकून तो जागच्या जागी थांबला.  पोरींनीही ऐकलं होतं. हाक नव्हती आणि ओ आली होती. सिस्टरनं गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

सखाराम पुढे आला. बिचाऱ्यानं तरी नाव पुकारलं, "द्वारकाबाई!"

गोळा केलेला सगळा जीव तर मी दुसरीकडेच देऊन बसले होते. ओठ हालले, आवाज निघेना. दिसत होतं, त्याची पेन्सिल कागदावर टेकली होती. मला वाटलं, आता ओ दिली नाही तर मैना उरेल, द्वारका जाईल. मी सिस्टरचा हात ओढला, अर्धी उठले आणि म्हटलं, "हजर रे मेल्या, हजर!" मग आडवी झाले ती झालेच.

त्यानं बाकीची नावं पुकारली. कोणी बोललं नाही. शेवंतीही नाही.

रात्रीचं मला काही आठवत नाही. सिस्टरनं मागाहून सांगितलं, की गाठ फुटली, घाण वाहून गेली आणि पहाटे मला घाम सुटला. मला आठवतं ते एवढंच, की जाग आली तेव्हा ऊन पायावर होतं, आणि ते ऊन मला ऊनच वाटत होतं. तापात ऊनही दुखतं हो. ते दुखेनासं झालं, की समजायचं बरं होतंय.

सखाराम आला. बाई स्वतः त्याच्या शेजारी उभ्या होत्या, हातात माफीची यादी. "द्वारकाबाई!"

"हजर! आणि पेज कोण ढवळतंय आज? करपल्याचा वास येतोय!"

कोणीतरी हसलं. मग कोणीतरी रडलं. सखारामानं पुढची नावं घेतली, आणि एकेक "हजर" यायला लागलं. बारीक, घाबरलेलं, पण येत होतं. शेवंतीचं नाव आलं. एकदा. मग काहीच नाही.  सखारामानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी खाली मान घातली. त्यांनीच दिलेला हुकूम होता, त्या काय करणार?

"हजर," शेवंती म्हणाली. मग जरा थांबून, मोठ्यानं, "हजर आहे, बाई!"

उरलेलं

साथ सरली. शेवंतीची फी माफ झाली, परीक्षा झाली, भाऊजी आले ते नुसता सुका बांगडा घेऊन आले. बाईंनी पुढच्या वर्षी सूचनांच्या कागदाखाली स्वतःच्या हातानं एक ओळ घातली, ती आजही आहे: आजाऱ्याचे नाव दोनदा पुकारावे. कारण लिहिलेलं नाही. नवीन मुलींना वाटतं, डागतरी कारण असेल.

आम्ही खाली परतलो तेव्हा परसातली दोरी रिकामी होती. माझं हळदी लुगडं कोठीच्या उंबऱ्यावर होतं, घडी करून. कुलपं आमचीच होती, गेरूचे आकडे तसेच होते. चोरानं नेलं असतं, घडी कशाला घातली असती? काठ आत मुडपून घातलेली घडी. मी तशी घालत नाही, माझी बहीण घालायची. बाईंनी नियमाप्रमाणे ते जाळायला लावलं.

तर पोरींनो, टोचून घ्या. पाणी उकळा. गाठ लपवू नका. लपवणारीलाच ती गाठते. जे आजारी आहेत त्यांच्याजवळ जाता येत नसेल तर लांबून त्यांचं नाव घ्या, रोज घ्या, दोनदा घ्या. औषधापेक्षा मला त्याचाच आधार वाटला. फीची माफी मागायला लाजू नका, ती तुमच्यासाठीच ठेवलीय.

शेवंती आता मुरुडला मास्तरीण आहे. वर्गात हजेरी घेताना ती प्रत्येक नाव दोनदा पुकारते. वेळ जातो म्हणून साहेब रागावले, तर म्हणाली, "पोरं झोपाळू आहेत."

आणि मी? परवा उंदीर पडले त्याच दिवशी, दिवेलागणीला, कोठीत तांदूळ निवडत होते. परसातून हाक आली. "मैने." तोच आवाज, तेवढाच. हातातलं सूप खाली ठेवलं. आता मला भीती वाटत नाही, म्हातारपणी कसली भीती? पण पोरींची पेज व्हायची होती, आणि साथीत या मुलींना टाकून कुठं जायचं?

मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "दुसऱ्यांदा हाक मार गो बाय, मग बघू."